जर्मनच्या डोंग्याचे कासरे

परवा वसतिगृहाच्या ओसरीवर तांदूळ निवडता निवडता विषय निघाला, लहानपणी शाळेत कोण कशी जात होती. एक पायी, एक मामाच्या बैलबंडीत, एक वडिलांच्या सायकलच्या दांडीवर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी डोंगा हाकत जात होते."

सगळ्या खो-खो हसल्या. "डोंगा हाकत नाहीत, धुरपता, वल्हवतात," इंदू म्हणाली. तिच्या गावाला नदीच नाही, पण तिला सगळं माहीत असतं.

म्हणू दे. मी हाकतच होते. दोन हातांत दोन कासरे धरून, भर वैनगंगेत! तिथं तोंडी सांगत बसले असते तर कुणी ऐकून घेतलं नसतं, म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

आमची ढिवरटोली, म्हणजे मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, नदीच्या अगदी काठावर. इतकी काठावर, की पुराच्या दिवसांत माय चुलीजवळ बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून सांगायची, पाणी किती चढलं ते. टोलीत शाळा होती ती चौथीपर्यंत. पाचवी पलीकडं, वडेगावात. तिथली कौलं आमच्या अंगणातून दिसायची, बाजाराच्या दिवशी तिथला गलकाही ऐकू यायचा, पण मधे नदी.

माझे बाबा, दसरू, मोहाच्या बुंध्यातून कोरलेल्या डोंग्यात मासे धरायचे. जड, काळा, म्हशीसारखा गरीब डोंगा होता तो. बाबा मागच्या टोकावर उभे राहून लांब बांबूनं त्याला रेटायचे, समोरचं सगळं त्यांना दिसायचं. मी लहान असताना पुढं बसायचे. म्हणजे डोंग्यात बाबा कायम माझ्या पाठीमागं. काम करताना त्यांचं तोंड कसं दिसतं, हे मला माहीतच नव्हतं.

मी चौथी पास झाले त्या वर्षी तो डोंगा बुडातून कुजला. आणि त्याच उन्हाळ्यात, नदीचं पाणी मोजायला आलेल्या साहेब लोकांचा तळ उठला. त्यांच्याकडं अल्युमिनियमची एक लहानशी नाव होती, मागं मोटर लावून पळवायची. बाबांनी त्यांना सगळा हंगाम मासे पुरवले होते, डोह कुठं, खडक कुठं ते दाखवलं होतं. जाताना साहेबांनी मोटर काढून नेली आणि पोचे पडलेली ती नाव दोन वल्ह्यांसकट बाबांना देऊन टाकली.

टोलीत ती आली तेव्हा बायका तिला बोटांनी टकटक वाजवून पाहायला लागल्या. "अवं बाप्पा, हे तं जर्मन हाये! आपल्या भाताच्या गंजासारखं!" आमच्याकडं पातेल्याला गंज आणि अल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. तेव्हापासून तिचं नाव पडलं, जर्मनचा डोंगा.

दिसायला चांदीसारखा. पण त्याला वळण म्हणून नव्हतं. मोटर होती तेव्हा मोटरच त्याला वळवायची, आता मागचा पत्रा सपाट आणि रिकामा. बाबांनी उभं राहून बांबू मारला, तर डोंगा परातीसारखा गरगरला. हलका इतका, की झुळूक आली तरी तोंड फिरवायचा. बसून वल्ही मारावीत, तर ती वल्ही अशी लावलेली की मारणाऱ्यानं मागं तोंड करूनच बसायचं.

"हे काय बह्याड काम हाये गा," बाबा म्हणाले. "जिकडं जाचं तिकडंच पाठ! साहेब लोक कुठी जाऊन राह्यले ते पाहतच नाई काय?"

मग ठरलं ते असं. बाबा वल्ही मारणार, आणि मागच्या फळीवर दुसरं कुणीतरी समोर तोंड करून बसणार, डोंगा वळवायला. आता वळवायचा कशानं, आणि वळवणार कोण?

या 'कोण' मध्ये माझं सगळं अडकलं होतं. डोंगा लहान. बाबा, माय, माशांची टोपली आणि मागं एक माणूस, इतक्यातच तो भरायचा. मागं मुखरूकाकाजी बसले तर मला जागा नाही. मी बसले तर रोज सकाळी मासे घेऊन पार जाताना मीही जाणार. पार जाणार म्हणजे पाचवीत जाणार.

मी हे बाबांना बोलून दाखवलं तेव्हा ते जाळं सांधत होते. गाठ दातानं घट्ट केली, मग म्हणाले, "माह्या पाठीले डोळे नाईत, धुरपते. ज्याले डोंगा सरळ नेता येईन, थो मांगं बसन. तुले जमलं तं तू बस. नाई जमलं तं काकाजी बसन, आन् मंग शाळेचं नाव घ्याचं नाई."

"पोरीच्या हाती डोंगा देता काय?" माय आतून ओरडली. "पीठ मळता येत नाई अजून तिले."

"डोंग्यात पीठ कायले मळाचं हाये?" मी म्हटलं, आणि मायनं फेकलेली केरसुणी चुकवून पळाले.

मुखरूकाकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नव्हता. जंगलठेकेदाराच्या लॉरीवर लाकडं चढवायला जायचे, आणि लॉरीच्या ड्रायव्हरला ते देवाच्या एकच पायरी खाली मानायचे. एक दिवस ते कुठल्याशा मोडक्या लॉरीचं स्टेरिंगचं चाक खांद्यात अडकवून आले.

"हे पाय दादा. स्टेरिंग! असं फिरवलं का उजवीकडं, असं फिरवलं का डावीकडं. मी बसतो चाकावर. डायव्हरसारखा!"

"आन् भोंगा नाई आणला काय, भाऊजी?" माय म्हणाली. "मासे सरकतीन कसे बाजूले?"

बाबांनी लटारू वाढईला, म्हणजे सुताराला, बोलावलं. तो शेजारच्या गावचा. त्याच्या हातच्या बंड्या चांद्यापर्यंत जायच्या आणि शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या हलक्या खासरा तर लोक मुद्दाम त्याच्याकडूनच करून न्यायचे. त्यानं डोंग्याभोवती फेरी मारली, पत्रा ठोकला, पान थुंकलं. "चाकाचं मंग पाहू. आंधी पाण्यात फिरणारं फळकूट तं पाहिजे. सिरोंच्याले गोदावरीच्या नावांले पाहलं हाये मी."

त्यानं सागाची फळी घासून मागच्या पत्र्याला कड्यांत बसवली, दारासारखी इकडंतिकडं फिरणारी. फळीच्या डोक्यात एक दांडा ठोकला, पुढं, बसणाऱ्याच्या हाताशी येणारा. बंडीच्या दांडीसारखाच गुळगुळीत. सुकाणू!

टोलीखालच्या डोहावर सगळे जमले. पहिला मान काकाजींचा. बाबांनी वल्ही मारली, डोंगा सुळकन निघाला. डावीकडं लव्हाळं होतं, म्हणून काकाजींनी दांडा उजवीकडं ओढला. डोंगा डावीकडं वळला.

"उजवीकडं ओढ गा!" काठावरून लोक ओरडले.

"ओढूनच राह्यलो!" काकाजींनी आणखी जोर लावला. डोंगा आणखी डावीकडं. घुसला लव्हाळ्यात, बगळे उडाले, काकाजींच्या डोक्यावरचं फडकं एका काडीला लटकून राहिलं.

मग लटारू स्वतः बसला. तोही लव्हाळ्यात. "बैल उलट्या कानाचा हाये," असं म्हणत चिखलातून बाहेर आला.

मी मनात म्हटलं, मोठी माणसं घाबरतात, म्हणून चुकतात. मी तर पाहून ठेवलंय, दांडा उलटा ओढायचा, झालं! फळीवर बसले, पदर नव्हताच, झग्याची चूण मांडीखाली दाबली आणि निघाले. काठापासून चांगली दूर गेले. आणि समोर पाण्यात म्हशी बसलेल्या दिसल्या. त्या डावीकडं होत्या, मला उजवीकडं जायचं होतं, आणि डोकं काही म्हणायच्या आत हातांनी दांडा उजवीकडं ओढलासुद्धा. म्हशींच्या मधोमध जाऊन थांबलो. एका म्हशीनं डोंग्यात नाक घालून बाबांच्या मानेवर फुर्र केलं.

काठावर हसण्याचा पूर आला. बाबा हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "उतर."

घरी येताना मी रडत होते, पण तोंड पाणी उडाल्यामुळं ओलं झालंय असं चंदाला, माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं. खरं म्हणजे मला सगळ्यात जास्त हे लागलं होतं, की उलटं ओढायचं हे मला माहीत होतं! माहीत असून हातांनी ऐकलं नाही. हात माझे, पण शिकलेले होते मामाच्या खासरेवर. सुट्टीत मामाकडं गेले की मीच बैल हाकायचे. उजवा कासरा ओढला की बैल उजवीकडं जातो. टोलीतल्या प्रत्येकाचे हात तेच शिकलेले. आमच्यात पोर चालायला लागलं की त्याच्या हाती कासरा येतो. मग दांड्यावर बसवा कुणालाही, घाईच्या वेळी हात बैलाचंच करणार.

दुसऱ्या दिवशी काकाजींच्या चाकाची पाळी होती. मागच्या फळीपुढं एक खुंट उभा करून त्यांनी त्यावर चाक बसवलं. अंबाडीचा दोर चाकाला गुंडाळून त्याची टोकं कड्यांतून मागच्या दांड्याला नेली. कोरड्यात झकास फिरत होतं. पाण्यात गेल्यावर दोर भिजला, आणि भिजला की अंबाडीचा दोर आखडतो, हे खाटा विणणाऱ्या माणसांनाही त्या दिवशी आठवलं नाही. चाक एका बाजूला फिरलं ते तिथंच ताणून बसलं. काकाजी चाकाला लोंबकळले तरी हलेना. डोंगा डोहात गोल गोल फिरायला लागला, तेल्याच्या घाण्यासारखा.

"मुखरू," बाबा दमून म्हणाले, "कुठी नेऊन राह्यला बे मले?"

"चांद्याले!" माय काठावरून ओरडली. "तिकिटं काढली का नाई?"

शेवटी बाबांनी कोयत्यानं दोर तोडला. तोडलेली दोन टोकं मागच्या फळीवर पडून राहिली. डोंगा काठाला लागल्यावर मी सहज आत चढून बसले आणि ती दोन टोकं दोन हातांत घेतली. अगदी खासरेवर बसल्यासारखं वाटलं! उजवी दोरी ओढली. दांडा उजवीकडं आला, सुकाणूची पाण्यातली फळी डावीकडं गेली. म्हणजे पुन्हा उलटंच. पण आता मला दिसलं, घोटाळा कुठं आहे तो. दोरीत नव्हता. दांड्यात होता.

"लटारूभाऊ!" मी ओरडले. "दांडा काढा! आडवा टाका, जूसारखा. दोन टोकाले दोन दोऱ्या बांधा."

लटारू विडी पेटवत होता. "अवं पोट्टे, जू बैलाच्या मानेवर असते. समोर. मांगं जू पाहलं काय कोणी?"

"आपला बैल मांगंच हाये ना! मासा पाहा तुमी. मासा काय मान वळवते काय? शेपटीनं वळते. मंग जू शेपटीवर टाकाचं."

लटारूनं पेटवलेली काडी विझवली. मग बाबा हसले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. "ढिवराची पोरगी हाये, लटारूभाऊ. टाका जू."

लटारूनं पुढं येणारा दांडा काढला आणि सुकाणूच्या डोक्यावर आडवी दांडी ठोकली. दोन्ही टोकांना दोऱ्या बांधल्या, या खेपेला सैल, भिजून आखडल्या तरी चालतील अशा. मी फळीवर बसले. उजवी दोरी माझ्याकडं ओढली की आडव्या दांडीचं उजवं टोक पुढं यायचं, पाण्यातली फळी उजवीकडं फिरायची, आणि डोंगा उजवीकडं! डावी ओढली की डावीकडं! मी डोहात लव्हाळ्याला वळसा घातला, म्हशींना वळसा घातला, आणि "हैक, हैक" म्हणत काठाला आणून लावला.

काकाजींनी चाकाकडं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं. "जोडी मस्त हाये तुही," म्हणाले. "फक्त चारा मागत नाई."

पण डोह म्हणजे नदी नव्हे. बाबांनी स्पष्ट सांगितलं, शाळेचं ठरणार ते पार जाऊन दाखवल्यावर. आणि पार जाण्याच्या वाटेत हेला होता. हेला म्हणजे रेडा. पण आमचा हेला हा खडक. पावसाळ्यात पाण्याच्या जरासा खाली लपून बसायचा. वर नुसता पाण्याचा एक गुळगुळीत फुगवटा दिसायचा. ज्याला माहीत नाही त्याला तिथं काही आहे असं वाटणारही नाही. मोहाचा डोंगा त्याला घासला तर निसटून जायचा. जर्मनचा पत्रा फाटला असता.

जुलैत नदी भरून वाहायला लागली, गढूळ, पण आवाक्यातली. माय पुढं टोपली घेऊन बसली, बाबा मधे वल्ह्यांवर, मी मागं. पाटी-दप्तर मी पोटाशी बांधलं होतं. काठावर टोलीतले सगळे. "धुरपते, वेसण घातली काय त्याले?" कुणीतरी ओरडलं.

तोवर बाबा दर वेळी वल्ही मारता मारता मान वळवून पुढं पाहायचे. डोहातसुद्धा. मान वळवली की एक वल्हं हलकं पडायचं, डोंगा वाकडा व्हायचा, आणि मग मला तो सरळ करावा लागायचा. आज तसं झालं तर हेल्याजवळ मला ते जमणार नव्हतं. मी हे बोलले नाही. बोलायला वेळच नव्हता, धार लागली होती.

मधे आलो तेव्हा जोर मला पहिल्यांदा कळला. पाणी सुकाणूला धरून ओढत होतं, दोऱ्या तळहातांत रुतत होत्या. मला फुगवटा दिसला. वाटला होता त्यापेक्षा जवळ. धार आम्हाला नेमकी त्याच्यावर नेत होती.

"अगा माय, अगा माय," माय पुढून सुरू झाली. "हेला! अवं, हेला!"

बाबांची मान हलली. मी पाहिलं. अर्धी वळली. आणि मग ती परत आली. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, अगदी सरळ, डोळ्यांची पापणी न हलवता, आणि वल्ही मारत राहिले.

मी दोन्ही टाचा डोंग्याच्या बरगडीला टेकवल्या आणि उजवा कासरा छातीपर्यंत ओढला. "वरत, बाबा, वरत!" वरत म्हणजे धारेच्या उलट्या अंगाला. आम्ही उजवं-डावं कधीच म्हणत नव्हतो, कारण समोरासमोर बसल्यावर त्यांचं उजवं ते माझं डावं. बाबांनी वरच्या अंगाला तोंड फिरेल असं एका वल्ह्यावर सगळा भार टाकला. डोंगा थरथरला, तोंड वळलं, आणि तो गुळगुळीत फुगवटा मायच्या बाजूनं, मग बाबांच्या, मग माझ्या बाजूनं इतक्या जवळून गेला की मला त्याचं शेवाळ दिसलं. हिरवंगार. रेड्याच्या पाठीवर शेवाळ!

बाबांनी विचारलं, "गेला काय?"

"गेला."

"मले वाटलंच," ते म्हणाले. "तुहं तोंड मिटलं. इतका वेळ आ वासला होता."

वडेगावच्या घाटाला लागल्यावर बाबांनी मला हात देऊन उतरवलं नाही. मी स्वतःच उतरले, गुडघाभर चिखलात. ते वल्ही पुसत होते. "शाळा सुटली का इथीच ये," म्हणाले. "मी इकडंच काठाकाठानं जाळं टाकून राह्यतो. माय तुह्या मावशीकडं थांबन." बस, इतकंच. मी चिखलाच्या पायांनी पाचवीच्या वर्गात गेले.

त्यानंतरची चार वर्षं आठवली की मला अजून पाण्याचा वास येतो. पूर असला की सुट्टी. नाहीतर रोज सकाळी बाबा समोर, मी समोर, मधे दोन वल्ह्यांचा आवाज. मी पाढे म्हणायचे, त्या तालावर ते वल्ही मारायचे. एकोणतिसाच्या पाढ्याला मी अडखळले की डोंगाही अडखळायचा. पुढं कविता आल्या, मग इतिहासातल्या लढाया-तहांच्या सनावळ्या. बाबा शाळेत कधी गेले नव्हते, पण आठवीपर्यंतचं सगळं त्यांनी ऐकलंय. एखादवेळी मी गाळलेली ओळ ते काल ऐकलेली म्हणून सांगायचे. आणि काम करताना त्यांचं तोंड कसं दिसतं, हे मला पाठ झालं. जोर लावताना ते डावा डोळा किंचित मिटतात. त्यांना त्या चार वर्षांत नदी पुढून कधी दिसलीच नाही. दिसत होते मी, आणि माझ्या मागं लहान होत जाणारी टोली.

यंदा मी नववीला इकडं चांद्याला आले. माशांच्या टोपलीच्या जागी माझी पत्र्याची पेटी ठेवली होती. त्या दिवशीही कासरे माझ्याच हाती होते. मी नेहमीसारखी हेल्याला वळसा घातला. बाबा नेहमीसारखे माझ्याकडं पाहत होते, पण त्या दिवशी मला पाढा आठवेना.

दिवाळीला घरी गेले तेव्हा वडेगावच्या घाटावर डोंगा उभा होता. पत्र्याला दोन नवे पोचे, दोऱ्या नव्या. मी सवयीनं मागं जायला लागले.

"अवं, थे माही जागा हाये!" चंदा म्हणाली. आमची चंदा, जी डोहाला घाबरायची! ती फळीवर टेचात बसली होती, दोन्ही कासरे धरून. ती यंदा पाचवीत आहे.

म्हणून मी पुढं बसले, मायजवळ, टोपलीच्या जागी, मागं तोंड करून. त्या डोंग्यात मला पहिल्यांदाच बाबांची पाठ दिसली. सदरा दोन्ही खांद्यांवर विरलेला होता. चंदा चौदाचा पाढा म्हणत होती आणि चुकत होती. मधे आल्यावर मला मान वळवावीच लागली. पाणी उतरलं होतं, हेल्याची पाठ थोडी उघडी पडली होती. चंदानं पाढा थांबवला. मी बाबांच्या मानेकडं पाहिलं. ती हलली नाही.

"वरत, बाबा!" चंदा ओरडली.

डोंगा थरथरला आणि वळला. मायनं माझ्या मांडीवर चापट मारली.

"हात सोड वं," ती म्हणाली. "काय ओढून राह्यली? तुह्या हातात काईच नाई."

मी खाली पाहिलं. दोन्ही मुठी छातीशी घट्ट आवळलेल्या होत्या, उजवी जरा जास्तच.